बिनविस्तवाच्या इंजिनाची शिट्टी

मी, खाली सही करणारा, कागद कारखान्याच्या यार्डातल्या तीन नंबरच्या इंजिनाचा निवृत्त चालक, वय झालेला परंतु डोकं ठिकाणावर असलेला, हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून भुलवलेलं नाही. हे दोन्ही उपाय माझ्या मुलीने करून पाहिले, पण त्याविषयी पुढे योग्य त्या कलमात येईल.

वकिलांनी मला बजावलं होतं, "अहो, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, राग नाही." मी त्यांना म्हटलं, "राग हीसुद्धा माझी मालमत्ताच आहे. स्वकष्टार्जित. तिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही." ते हसले आणि म्हणाले, लिहा मग, पण खाडाखोड कराल तिथे सही करा. शाळेत मी कधी कच्चं-पक्कं केलं नाही, एकदाच लिहायचो. इथेही तसंच करणार आहे. त्यामुळे आधीच्या कलमात एक आणि नंतरच्या कलमात दुसरं असं आढळल्यास नंतरचं खरं मानावं.

या मृत्युपत्राला दोन साक्षीदार आहेत. एक, माझ्या घराखालच्या दुकानातला शिंपी. दुसरे माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्याच कारखान्यातले निवृत्त बॉयलरवाले. कारखाना त्यांना बंबराव म्हणायचा आणि मला कविराज. त्यांना साक्षीदार करण्याचं कारण प्रेम हे नव्हे. वकिलांनी सांगितलं की जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काडीही घेता येत नाही. हे ऐकल्याबरोबर मी त्यांचं नाव सुचवलं. सही करण्यापूर्वी त्यांनी हा कागद मोठ्याने वाचावा, अशीही माझी इच्छा आहे. त्यांना इथे अहो-जाहो केलं आहे ते कायद्यापुरतं. पुढे पेन सवयीने घसरणारच.

कलम एक. राहतं घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, लोखंडी जिना आणि खालचं दुकान, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. शिंप्याला तिने उठवू नये. त्याच्या मशीनच्या खटखटीवर मला दुपारची झोप लागते, आणि माणसाने ज्याच्या आवाजावर इतकी वर्षं झोप काढली त्याला घराबाहेर काढू नये. जिन्याची एक पायरी हलते. ती मुलीने दुरुस्त करून घ्यावी, मात्र तिच्या बंबराव काकांकडून नव्हे. तो फुकट करून देईल आणि मग जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पायरी दाखवत बसेल.

कलम दोन. माझी शाळेतली कवितांची पुस्तकं गावच्या वाचनालयाला द्यावीत. ही पहिलीपासूनची आहेत. काहींची पानं गळली आहेत, पण त्या पानांवरच्या कविता मला पाठ असल्यामुळे मी त्या समासात लिहून ठेवल्या आहेत. आम्हाला कविता शिकवणाऱ्या बाई ओळ संपली की खिडकीबाहेर बघायच्या, आणि मग पुढची ओळ जणू बाहेरूनच आत घ्यायच्या. ती सवय मला लागली. इंजिन चालवणाऱ्याला ही सवय बरी नव्हे. पुस्तकं देताना अट एकच: ज्या दालनात साडूने बनवलेल्या छोट्या इंजिनाच्या मॉडेलची काचेची पेटी ठेवली आहे, त्या दालनात ती ठेवू नयेत. कवितांना तिथे झोप लागणार नाही.

कलम तीन. बँकेतली ठेव मुलीची. नट आवळायचे पाने, तेलाची लांब चोचीची झारी, कंदील आणि टोपीसुद्धा मुलीची. ती दंतवैद्यांकडे कवळ्या बनवण्याचं काम करते, तिच्या हाताला अवजारांची जाण आहे. झारी मात्र तिने स्वतःच वापरावी. उसनी देऊ नये. कुणाला ते मी सांगायला नको.

कलम चार. आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे तीन नंबरच्या इंजिनाची पितळी शिट्टी आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, बायकोच्या जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली आहे. त्या इंजिनाचं या जगात उरलेलं एवढं एकच. हिच्यासाठीच हे मृत्युपत्र लिहायला बसलो, बाकीची कलमं सोबतीला आहेत.

ही शिट्टी कुठली, ते ज्यांनी तीन नंबर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन म्हटलं की लोकांना लांबलचक गाडी आठवते, स्टेशन आठवतं, निरोपाचे रुमाल आठवतात. पण कितीतरी इंजिनं जन्मात कधी स्टेशनात गेली नाहीत. खाणीतून दगड, भट्टीवरून विटा, वखारीतून ओंडके, एवढंच त्यांनी ओढलं. अरुंद रुळांवर, कुंपणाच्या आत ती राबली, आतच म्हातारी झाली आणि आतच तोडली गेली. त्यांना वेळापत्रक नव्हतं की प्रवासी नव्हते. आमच्या कारखान्यात आधी खेचरं डबे ओढायची. मग एक नंबर आलं, पाठोपाठ दोन नंबर आलं. दोन्ही कोळसा खाणारी, डोक्यावर धुराडं घेऊन धुसफुसणारी. एके दिवशी एक नंबरच्या ठिणगीने चिंध्यांचं गोदाम पेटलं, तेव्हा मालकांच्या लक्षात आलं की कागदाच्या घरात विस्तव पाळता येत नाही. म्हणून तीन नंबर आणलं आणि आधीच्या दोघांना गोदामांपासून लांबच्या कामाला लावलं.

तीन नंबरच्या पोटात भट्टी नव्हतीच. आत नुसतं पाण्याचं जाडजूड पिंप. सकाळी बॉयलरघरासमोर उभं करायचं, नळी जोडायची, तिथल्या बॉयलरची वाफ त्या पाण्यात भरून घ्यायची, नळी सोडायची की निघायचं. कोंडलेलं गरम पाणी थोडीथोडी वाफ सोडत राहतं आणि इंजिन चालत राहतं. ती वाफ ओसरायच्या आत पुन्हा बॉयलरघर गाठायचं. ना विस्तव, ना धूर, ना ठिणगी. वापरलेली वाफ सोडायला वर एक आखूड तोटी होती, मुठीएवढी. तिला कुणी धुराडं म्हटलं तर मी त्याच्याशी बोलणं सोडायचो. कामगार तिला किटली म्हणायचे. माझी बायको सवत म्हणायची. "आज सवतीने लवकर सोडलं वाटतं?" असं विचारत दार उघडायची.

आता ओळखा, बॉयलरघर कुणाचं? साडूचं. म्हणजे माझं इंजिन जन्मभर माझ्या साडूच्या वाफेवर चाललं. हे तो मला विसरू देईल तर शपथ. रोज सकाळी मी गाडी लावली की दारात येऊन कमरेवर हात ठेवायचा. "आलात? भरा पोट. आयत्या बिळावर नागोबा!" मी एकदा इंजिनावर दोन ओळी केल्या होत्या:

विस्तव नाही पोटी माझ्या, धूर न डोक्यावरती,
ऊब कुणाची घेऊन उसनी फिरते रुळांवरती.

सगळ्यांना आवडल्या. साडू म्हणाला, "चाल बरी आहे. पण 'कुणाची' कशाला? माझं नाव घाल की सरळ!"

पुढे ट्रक आले. रूळ उखडले, कारखानाही बसला. भंगारवाल्याने तीन नंबरचे तुकडे करायला घेतले तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवलं आणि शिट्टी सोडवून आणली. बायको म्हणाली, "आता वेळ कशी कळणार?" मी म्हटलं, "आता वेळ बघून कुठे जायचंय?" तिने स्वेटरची बाही कापून दिली.

सबब असं ठरवतो की माझ्या मृत्यूनंतर मुलीने ही शिट्टी नदीकाठच्या जुन्या सायडिंगवर, म्हणजे यार्डाचा बाजूचा रूळ जिथे संपायचा तिथे, न्यावी आणि पाण्यात टाकावी. कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही निमित्ताने, पाहायला म्हणूनसुद्धा, ती माझ्या साडूच्या हाती लागू नये.

कलम पाच. हे इतकं कडक का लिहावं लागलं, त्याचं कारण. निवृत्त झाल्यावर साडूने घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटी इंजिनं बनवायला घेतली. पायाने फिरवायचं लेथ, तांब्याच्या नळ्यांचे तुकडे, पितळेच्या चकत्या. एक नंबर केलं, दोन नंबर केलं. पाटावर मावेल एवढं, पण खरोखर वाफेवर चालणारं. मलाही कौतुक वाटलं असतं, पण तेवढ्यात त्याने माझं तीन नंबर करायला घेतलं. मला न विचारता. आणि मदतीला कोण, तर माझीच मुलगी! दवाखाना सुटला की घरी यायच्या ऐवजी काकांच्या शेडमध्ये. दात कोरायच्या अवजाराने तिने त्या इंजिनाचे रिव्हेट बसवले. टाचणीच्या डोक्याएवढे. घरी येऊन हात पुसत सांगायची, "बाबा, काकांची नजर काय आहे अजून!" माझी नजर कशी आहे हे तिने कधी विचारलं नाही. पोटच्या पोरीने दुसऱ्याच्या पितळेचं कौतुक आपल्याच ताटावर बसून करावं, आणि आपण घास गिळावा!

मॉडेल झालं. गावच्या वाचनालयाने काचेच्या पेटीत ठेवलं. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. मी शेजारीच उभा होतो, नवा सदरा घालून. छापून आलं त्यात साडू, मॉडेल आणि माझं कोपर. खाली लिहिलं होतं, 'तीन नंबर इंजिनाचे निर्माते'. ते कात्रण मी चौकट करून ठेवलं आहे. ते मुलीला मिळावं. ते कोपर कुणाचं असं कुणी विचारलं, तर तिने नाव सांगावं, एवढीच विनंती.

पण हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते धुराडं. होय. त्या माणसाने तीन नंबरला धुराडं बसवलं. आखूड तोटी नाही, चांगलं उंच, ताठ, गावभर दिसेल असं धुराडं! नाकापेक्षा मोती जड. ज्या इंजिनाचा सगळा मोठेपणा धूर नसण्यात, त्याच्या डोक्यावर हे. पोरांना घेऊन आलेल्या मास्तरांना मी स्वतः सांगताना ऐकलं, "बघा, यातून धूर निघायचा." मी लगेच म्हटलं, "नव्हता निघत!" ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आजोबा, हळू. लोक वाचताहेत." त्या दिवसापासून मी पेटीजवळ जात नाही. दारातूनच बघतो, धुराडं तेवढं दिसतं, आणि परत येतो.

असं असताना परवा मुलगी म्हणते, "बाबा, ती शिट्टी काकांना द्या ना. मॉडेलशेजारी ठेवू. कपाटात कुणाला दिसतेय?"

"मला दिसते."

"बाही सोडून कधी बघितलीत शेवटची?"

"न बघताही दिसते."

"तुम्ही ना बाबा, सुंभ जळला तरी पीळ सोडणार नाही. तुमच्या माघारी मी देणारच आहे काकांना. आत्ता हाताने दिलीत तर निदान आभार तरी ऐकायला मिळतील."

म्हणून हे मृत्युपत्र. माझ्या माघारी काय होईल ते मी ठरवीन. आणि मुलीला आज्ञा अशी की शिट्टी पाण्यात टाकल्यावर तिने आपली कवळ्या कापायची बारीक करवत घेऊन वाचनालयात जावं आणि ते धुराडं बुडापासून कापून काढावं.

कलम सहा. धुराड्याच्याही आधीचं वैर नोंदवून ठेवतो, म्हणजे कुणाला मी उगाच खार खाल्ली असं वाटायला नको. आमचं लग्न नवं होतं. बायको कारखाना बघायला आली, सोबत तिची ताई, म्हणजे साडूची बायको. मी मुकादमाची परवानगी काढली आणि दोघींना किटलीवर बसवून नदीकाठच्या सायडिंगपर्यंत न्यायचं ठरवलं. ते टोक यार्डातलं सगळ्यात सुंदर. दोन्ही बाजूंना उंच गवत, पुढे पाणी, आणि धूर नसल्यामुळे पक्षी उडून जात नसत. म्हटलं, तिथे गाडी उभी करून शाळेतली नदीची कविता म्हणून दाखवू. साडूने वाफ भरून दिली. आम्ही निघालो. गवतापर्यंत पोचलो आणि किटली दमली. वाफेचा काटा खाली, चाकं जागच्या जागी. बिनविस्तवाचं इंजिन वाटेत सुकलं की त्याला फुंकून पेटवता येत नाही, दुसऱ्या इंजिनाने ढकलत न्यावं लागतं. एक नंबर आलं, धूर ओकत, आणि नव्या नवरीसमोर मला मागून ढकलत आणलं. दोघी बहिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. परत येईपर्यंत हसत होत्या. बॉयलरघराच्या दारात साडू उभा, कमरेवर हात.

त्याने त्या दिवशी वाफ कमी भरली, असं माझं ठाम मत होतं आणि आहे. त्याला माझं बघवलं नाही. कविता तशीच राहिली. बायकोला मी ती नंतरही कधी म्हणून दाखवली नाही, कारण पहिली ओळ आली की मागून धक्का बसल्यासारखं व्हायचं. बायको गेली. साडूला मी माफ केलेलं नाही, आणि हे वाचताना त्याने माझ्याकडे बघावं.

इथवर लिहून झालं होतं. आज सकाळी दोघं साक्षीदार सहीसाठी आले. शिंपी गळ्यात टेप घालूनच वर आला. साडू जिना चढून धापा टाकत बसला, पायरी हलते म्हणाला, आणि मी कलम एककडे बोट दाखवलं. त्याने चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आयत्या बिळावर मान डोलावली. कोपरापाशी इतका हसला की शिंप्याने त्याला पाणी दिलं. धुराड्यापाशी तीच ओळ दोनदा वाचली. कलम सहा वाचून कागद मांडीवर ठेवला. पुढे जे बोलणं झालं ते जसंच्या तसं देतो, कारण त्याचा मालमत्तेशी संबंध आहे.

"मी वाफ कमी भरली?"

"भरलीस."

"अरे कविराजा, काटा लाल रेघेपर्यंत नेला होता मी! माझी धाकटी मेव्हणी पहिल्यांदा कारखान्यात आली होती, सोबत माझी बायको. मी कमी भरीन?"

"मग संपली कशी?"

"तू वाजवलीस!"

"काय वाजवली?"

"शिट्टी, शिट्टी! गोदामापाशी वाजवलीस, वळणावर वाजवलीस, ओढ्याच्या मोरीवर वाजवलीस. रुळावर कुत्रं नाही, माणूस नाही, तरी वाजवलीस. मी आत बसून ऐकत होतो. म्हटलं, हा गडी काही परत येत नाही. शिट्टी काय हवेवर वाजते? तिलाही वाफच लागते ना?"

शिंप्याला खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला कळतं.

मी म्हटलं, "एवढी नव्हती वाजवली." साडू म्हणाला, "एक नंबरच्या ड्रायव्हरने मला येऊन विचारलं, कुणाची वरात आहे का?"

"आणि त्या दोघी हसत होत्या त्या?"

त्याने चष्मा काढला. "त्या का हसत होत्या, ते तुला अजून माहीत नाही?"

नव्हतं माहीत. तो सांगू लागला. त्या संध्याकाळी तो घरी गेला तर त्याच्या बायकोने ताट वाढलं नाही. म्हणाली, धाकटीच्या नवऱ्याने तिच्यासाठी इंजिनातली सगळी वाफ वाजवून टाकली. वाटेत उभी राहिली गाडी, तरी धाकटीचा फुललेला चेहरा बघायला हवा होतात. तुमच्याकडे तर अख्खा बॉयलर आहे, माझ्यासाठी कधी काही वाजवलंत?

"मी म्हटलं, रोज भोंगा वाजवतो की. तर म्हणते, तो पाळीवाल्यांसाठी. माझ्यासाठी काय?" साडू कागदाकडे बघत म्हणाला, "तुझी शिट्टी एक दिवस वाजली, कविराज. माझ्या घरात ती अजून वाजते. कालसुद्धा वाजली. भाजी आणायला विसरलो म्हणून."

मी कागद त्याच्या मांडीवरून उचलला. मग विचारलं, "म्हणून माझ्या इंजिनावर धुराडं ठोकलंस?"

"तुझ्या इंजिनाचं कुठे आहे ते? तू जवळून बघितलंस तरी का? विटांच्या रेघा कोरल्या आहेत त्याच्यावर. बॉयलरघराचं धुराडं आहे ते. तू किटली घेऊन नदीपर्यंत जायचास, गवत बघायचास, कविता म्हणायचास. माझी वाफ जायची तुझ्याबरोबर, मी आपला आत. ते सायडिंग मी रूळ उखडल्यावर पहिल्यांदा बघितलं. मॉडेल करताना म्हटलं, हिच्यावर आपलंही काहीतरी असू दे. एकदा तरी जाऊन येऊ."

"पोरगीला माहीत होतं?"

"तिनेच कोरल्या त्या विटा."

आता या ठिकाणी मला शपथेवर एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ज्याचा मी जन्मभर हेवा केला तो जन्मभर माझा हेवा करत होता, हे ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा निवृत्तीच्या हारानेही झाला नव्हता. मी स्वतः उठून चहा केला. साडूच्या कपात दोनदा साखर पडली. पण चहा निवायच्या आत दुसरी कळ उठली. बायकोचं मन तिच्या ताईने ओळखलं, ताईने ते नवऱ्याला सांगितलं, आणि मला मात्र कुणीच नाही! माझ्या बायकोचा तो चेहरा माझ्या पाठीमागे होता, मी पुढे काट्याकडे बघत होतो. तो चेहरा मेव्हणीने पाहिला आणि साडूने ऐकला. माझ्याच शिट्टीची गोष्ट त्यांच्या घरात इतकी वर्षं नांदली आणि मी इकडे वैर पोसत बसलो. या गोष्टीबद्दल माझा साडूवरचा राग कायम आहे. तो नवा आहे, मागच्या खात्यात जमा करू नये.

सबब,

कलम सात. कलम चारमधली नदीची आज्ञा रद्द. शिट्टी माझ्या साडूला मिळावी.

हे दान प्रेमाने दिलं आहे असं समजू नये. आजवर त्याने सगळं लहान करून दाखवलं: चाकं लहान, रिव्हेट लहान, मी तर कोपराएवढा. ही शिट्टी त्याला लहान करता यायची नाही. केली तर ती वाजायची नाही. ती आहे तेवढीच ठेवावी लागेल आणि रोज बघावी लागेल. शिवाय जे त्याला अख्खा बॉयलर हाताशी असून जमलं नाही ते माझ्या शिट्टीशिवाय जमणार नाही, हे त्याच्या लक्षात राहावं.

अटी अशा. त्याच्या शेडमध्ये इंजिनं तपासायला एक छोटा बॉयलर आहे. त्यावर ही शिट्टी बसवावी. बसवण्याचं काम माझ्या मुलीने करावं, तिची नजरही काही कमी नाही. मग माझ्या मेव्हणीला खुर्ची घालून शेडच्या दारात बसवावं. तिला हल्ली ऐकू कमी येतं, पण ही येईल. काटा लाल रेघेवर आणावा आणि बॉयलरात असेल नसेल ती सगळी वाफ संपेपर्यंत शिट्टी वाजवावी. मध्येच हात आखडता घेतल्यास दान रद्द. मेव्हणीने "आता पुरे" म्हटलं तरी थांबू नये. बायका तसं म्हणतात. वाजवताना साडूने तिच्या तोंडाकडे बघावं. मी बघितलं नाही.

हे सगळं माझ्या मृत्यूनंतर करायचं आहे. साडू आत्ताच शिट्टी मागू लागला आहे. त्याला मिळणार नाही. माझ्या देखत त्याने वाजवावी आणि मी ऐकत बसावं, एवढा मी अजून सुधारलेलो नाही.

कलम आठ. धुराड्याबाबत. साडू हयात आहे तोवर त्याला कुणी हात लावू नये. त्याच्या माघारी ते कापू नये, अलगद सोडवून त्याच पेटीत, इंजिनाच्या बाजूला, बॉयलरघराच्या जागी उभं करावं, म्हणजे वाफ भरून घेताना उभं राहायचो तसं दिसेल. आणि ग्रंथपाल बाईंनी पोरांना खरं काय ते सांगावं. तोवर मीही उद्या जाऊन जवळून एकदा बघून येईन, विटा कशा कोरल्या आहेत ते. कौतुक करीन असं नाही.

कलम नऊ. नदीची ती कविता मी या पाकिटात निराळ्या कागदावर लिहून ठेवली आहे. ती मुलीची. तिने ती सायडिंगवर जाऊन म्हणावी. ओळ संपली की बाहेर बघावं.

अंमलबजावणी मुलीने करावी. सगळं वाचून साडूने पेन उघडलं आणि विचारलं, "सही कुठे करू?"

मी म्हटलं, "करू नकोस."

"का रे?"

"वर वाच. साक्षीदाराला काडीही मिळत नाही."

त्याने पुन्हा पहिलं पान उलटलं, बोट ठेवून वाचलं, पेनला टोपण लावलं आणि खिडकीकडे तोंड करून बसला. शिंपी खाली जाऊन दंतवैद्यांना बोलावून घेऊन आला.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीवर, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून त्याखाली सही केली आहे. सही करताना शिट्टी टेबलावर होती. बाही सोडलेली नव्हती.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: सतरा नोव्हेंबर, सकाळ.

सही: कविराज, निवृत्त चालक, तीन नंबर

साक्षीदार एक: शिंपी, खालचं दुकान
साक्षीदार दोन: दंतवैद्य, मुलीचे मालक (माझी कवळी यांच्याकडचीच, घट्ट बसते)

खाडाखोड: साक्षीदार दोनच्या जागी आधी लिहिलेलं बंबराव हे नाव मी स्वतः खोडलं आहे, आणि खोडल्या जागी सही केली आहे. खोडण्याचं कारण: लाभार्थी.